चालायला नको, खेळायला मैदान द्या

मा. क्रीडा विभागप्रमुख,


आपल्या कचेरीचं नाव इथे घालत नाही, आपलं आपण ओळखाल. इंग्रजी पत्रांची साधी पोचही मिळाली नाही, तेव्हा आता मराठीत लिहिते. निदान डब्लिनमधली चार मराठी माणसं तरी वाचतील.

प्रकरण आपल्या टेबलावर आहेच. टॅलातल्या पन्नाशीपुढच्या बायका-पुरुषांचा मिश्र सॉफ्टबॉल संघ. आठवड्यातली एक संध्याकाळ, सपाट गवत आणि कॅचरच्या पाठीमागे जाळी, एवढीच मागणी. पत्रांना उत्तर नाही, पण एकदा टपालाने रंगीत पत्रक मात्र आलं: ज्येष्ठांसाठी चालण्याचा गट, खुर्चीत बसून करायचे व्यायाम, शेवटी चहा-बिस्किटं. आपली कृपा आहे.

चालायला आम्हाला येतं, साहेब. टायमन पार्कला आम्ही चालतच येतो. तिथे पोचल्यावर काय करायचं, हा प्रश्न आहे. सध्या फुटबॉलचं मैदान रिकामं दिसलं की चार प्लास्टिकचे शंकू ठेवून बेस करतो. होमप्लेट म्हणून गाडीतली रबरी चटई. मागे जाळी नसल्यामुळे सुटलेला प्रत्येक चेंडू आणायला मी, म्हणजे कॅचर, उताराखाली जाते. वय 61. हा व्यायाम आपल्या पत्रकात धरला आहे का?

आता आपल्याच कागदांवरचे आकडे. 2018 ते 2027 या काळासाठीच्या राष्ट्रीय क्रीडा धोरणात नियमित खेळणाऱ्यांचं प्रमाण 43 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर न्यायचं ठरलं आहे. 2019 मध्ये देशातल्या सगळ्या 31 स्थानिक संस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठस्नेही जाळ्यात आल्या आणि असं करणारा आयर्लंड पहिला देश म्हणून टाळ्या वाजल्या. त्याच संघटनेने 2020 मध्ये सांगितलं की 65 च्या पुढच्यांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल करावी आणि किमान 3 दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा. बॅट फिरवून एका पायावरून दुसऱ्या पायावर येणं आणि तिथून पहिल्या बेसपर्यंत 65 फूट पळणं, याला तोल आणि ताकद म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? 43, 50, 31, 150. आकड्यांची इतकी रेलचेल, आणि आमच्या वाट्याला मैदान किती? शून्य.

ज्येष्ठांसाठी आपल्याकडे ‘गो फॉर लाइफ’चे खेळ आहेत, हे मला ठाऊक आहे. लॉबर्स, फ्लिस्क, स्किडिल्स. चांगले आहेत, माझ्या मैत्रिणी खेळतात, त्यांच्याविषयी वाकडा शब्द नाही. पण पन्नाशी उलटली की माणसाला फक्त जपून फेकायचे खेळच आवडतात, हे कुणी ठरवलं? मी जळगावात फास्टपिच खेळले आहे. मास्क लावून प्लेटमागे उकिडवी बसायची, तेव्हा चेंडू ग्लोव्हमध्ये असा आदळायचा की तळहात संध्याकाळपर्यंत झिणझिणायचा. (लग्नानंतर तो ग्लोव्ह माळ्यावर गेला. तिकडेही बायकांना कुणी विचारत नव्हतं, पण ते भांडण वेगळं.) इथे मुख्यतः चालतो तो मिश्र स्लोपिच: 5 बायका, 5 पुरुष आणि 6 ते 12 फुटांची कमान घेऊन येणारा चेंडू. आमच्या वयाला याहून सोयीचा सांघिक खेळ दाखवा.

मग चालू लीगमध्येच खेळा, असं म्हणाल. खेळलो. पंचविशीतला शॉर्टस्टॉप चेंडू उचलून फेकतो तेव्हा आमची पासष्टीची बाई अर्ध्या वाटेत असते. हरण्याची तक्रार नाही. आम्हाला आमच्या वयाच्या लोकांकडून हरायचं आहे, आणि जमलं तर त्यांना हरवायचंही आहे.

राहता राहिला धोका आणि विमा, म्हणजे असल्या अर्जांवरचा ठरलेला शेरा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्यांचा सॉफ्टबॉल क्लब 1930 मध्ये निघाला. सत्तरीतल्या माणसाला तिथे ‘अजून लहान आहेस’ म्हणून परत पाठवत. धोका त्या देशातही आहेच, म्हणून ज्येष्ठांच्या सामन्यांसाठी त्यांनी नियम बदलले. पहिला बेस दुहेरी, पांढरा क्षेत्ररक्षकाचा आणि नारिंगी धावणाऱ्याचा, म्हणजे टक्कर नको. धाव पूर्ण करायला वेगळी होमप्लेट. गुडघा कुरकुरत असेल तर पळायला बदली खेळाडू. त्यांनी खेळ बदलला, खेळणाऱ्यांना खुर्चीत बसवलं नाही. 2017 च्या ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत 28 हजारांहून अधिक खेळाडू उतरले. सॉफ्टबॉल त्यात होता, आणि तिथल्या खेळाडूंनाही गुडघे होतेच.

आता मैदानाचं. क्लॉन्डाल्किनच्या कोर्का पार्कमध्ये 1998 च्या 4 जुलैला बेसबॉलची मैदानं खुली झाली, ती लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघवाल्या पीटर ओमॅलींच्या देणगीमुळे. आम्हाला लॉस एंजेलिसमध्ये मामा नाही. आम्ही इथे फक्त कर भरतो. आमच्यातल्या दोघींनी तर इथल्याच रुग्णालयात रात्रपाळ्या करून भरला आहे.

तेव्हा अर्ज पुन्हा जोडला आहे. जाळी हलती चालेल, दुहेरी बेस आम्ही वर्गणीतून आणू. मे ते ऑगस्ट, मंगळवार किंवा गुरुवार, साडेसहा ते साडेआठ. शनिवार सकाळ देऊ नका. त्या वेळी आमच्यातले निम्मे नातवंडांना फुटबॉलला घेऊन आलेले असतात, आणि त्यांना मात्र मैदान मिळालेलं असतं.

कळावे,
एक कॅचर
टॅला, डब्लिन 24