कोडिंग शिकलात? आता जुनी डिग्री बाहेर काढा

सिव्हिल किंवा मेकॅनिकलची डिग्री, त्यावर सहा महिन्यांचा पायथॉनचा कोर्स आणि मग हिंजवडीतल्या कंपन्यांना अर्जावर अर्ज. तुमच्यापैकी अनेकांची गाडी सध्या इथेच अडकलीय. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता, पण खालच्या पायरीवरही निर्धास्त राहावं असं काही नाही. फ्रेशरकडे यायचं ते साधं कोडिंग आता एआय करून देतो. शिवाय त्या रांगेत तुमची स्पर्धा चार वर्षं कम्प्युटरच शिकलेल्यांशी असते. तिथे तुमची जुनी डिग्री कोण विचारतो?

मग ती विचारली जाते, तिकडे बघा ना! लांब नको, खडकवासल्यालाच चला. तिथे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. ही संस्था १९१६ पासूनची. धरणाचा सांडवा, बंदरातला गाळ, नदीचा पूर यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून, त्यांत पाणी सोडून अभ्यास होतो. जोडीला गणिती मॉडेल चालतात. म्हणजे पाणीही आहे आणि कोडही.

२५ जुलै २०२४ आठवतोय? मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत शिरलं होतं. धरणातून किती पाणी सोडलं की ते कुठल्या गल्लीत किती चढेल, हा प्रश्न सिव्हिलचा की कोडिंगचा? दोन्हींचा. नुसत्या प्रोग्रॅमरला नदीचा उतार कळत नाही आणि नुसत्या इंजिनीअरला लाखभर ओळींची फाइल साफ करता येत नाही. तुम्हाला दोन्ही थोडं थोडं येतं. तुमचं भांडवल तेच.

हेच गणित इतर शाखांनाही लागू पडतं. मेकॅनिकलवाल्यांनो, चाकणच्या कारखान्यांत मशिनवरच्या सेन्सरचा डेटा वाचणारे लागतात. कॉमर्सवाल्यांना ईआरपी आहे. फिजिक्सवाल्यांसाठी पाषाणला आयआयटीएम आहे, तिथे मान्सूनची मॉडेल सुपरकम्प्युटरवर चालतात. भाषा घेतलेल्यांना टेक्निकल रायटिंग आहे, मराठी डेटा तपासायचं कामही आहे.

अर्थात, सगळं गोड नाही. संशोधन संस्थांतल्या प्रोजेक्टच्या जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात आणि प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध. घरच्यांना आयटीचं पॅकेज सांगून ठेवलं असेल, तर हे आधीच बोलून घ्या.

आणि सर्टिफिकेट गोळा करण्यापेक्षा एक काम पुरं करा. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडे १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचा देशभराचा डेटा फुकट मिळतो. क्यूजीआयएसही फुकट आहे. मुठा खोऱ्यात एका दिवसात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस किती वेळा झाला, ते काढा आणि गिटहबवर टाका. त्या डेटाची जाळी साधारण २५ किलोमीटरची, म्हणजे ढोबळ. घाटमाथ्यावरचा पाऊस त्यात नीट का पकडला जात नाही, हे इंटरव्ह्यूत समजावून सांगा. समोरच्याला कळेल की तुम्हाला कोड येतो आणि पाऊसही कळतो.