वैद्य शहरात, रोगी अरण्यात

नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. परंतु रोगी आहे अरण्यात. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचा हत्ती-कॅम्प आहे. २०२१ साली छत्तीसगडातून रानहत्तींचा कळपही जिल्ह्यात उतरला. बेशुद्ध केलेला हत्ती छातीवर बसला, तर स्वतःच्याच भाराने त्याचा श्वास कोंडतो. त्याला वेळीच कुशीवर घ्यावे लागते. ही विद्या केवळ फळ्यावर शिकविता येत नाही. चंद्रपूरच्या रानात शेतकऱ्याचा बैल व गवा एकाच पाणवठ्यावर येतात. लाळखुरकुताला सीमा ठाऊक नसते. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक वर्ष या दोन जिल्ह्यांत राहून उपचार व संशोधन करावे आणि त्याच्या निवासाचा व विद्यावेतनाचा भार शासनाने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पदवी शहराने खुशाल द्यावी. परीक्षा मात्र अरण्यात व्हावी.