मागच्या सीटचा विचार कोण करणार?

स्पोर्ट बाईक मॉडिफाय करणाऱ्या पोराला सेलूत दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "बापाच्या पैशाची वाट लावली." दुसरे म्हणतात, "कडक, भावा!" मी स्वतः अशी गाडी चालवतो आणि माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी पहिल्यांशी. कंपनीने दिली तशीच गाडी वापरायची, हा काही वेदमंत्र नाही. तडजोड कंपनीही करते. २०१८ ची यामाहा आर१५ व्ही३ बघा. सीट ८१५ मिलिमीटर उंच, हँडल खाली, गुडघे दुमडलेले, मागची सीट वेगळी आणि चिंचोळी. वळणावर झुकायला ही बैठक भारी. खड्डे चुकवत तासभर गेलं की मनगटं आणि पाठ बोलायला लागतात. आपल्या अंगाला, आपल्या रस्त्याला सोसेल असा बदल करावासा वाटणं यात वाईट काय?

आता "कडक, भावा" वाल्यांशी. आपल्याकडे बदलाची सुरुवात होते जाड मागच्या टायरपासून. रिम तीच, टायर दोन मापं मोठा. अरुंद रिमवर रुंद टायर कडेने आवळला जातो, त्याची गोलाई बदलते. गाडी वळणात झुकायला आळस करते, वजन वाढतं, ॲव्हरेज पडतं, कधी टायर चेनला घासतो. म्हणजे मागून गाडी रुबाबदार दिसते आणि चालवायला बिघडते. २०११ मध्ये यामाहाला स्वतःला आर१५ चा मागचा टायर १०० वरून १३० चा करायचा होता. त्यांनी नुसता टायर चढवला नाही. चाकं नवी दिली, ॲल्युमिनियमचा लांब चिमटा दिला, दोन चाकांमधलं अंतर १२९० वरून १३४५ मिलिमीटर केलं. आपण हे सगळं सोडून फक्त टायर विकत घेतो.

हँडलचंही तेच. खाली घेतलं की वजन मनगटावर येतं, आखूड केलं की वळवायला जोर लागतो. पुढून गाडी बसवली की ती चटकन वळते, पण वेगात थरथरते आणि गतिरोधकावर पोट घासते. काही मिळवलं की काही जातंच. प्रश्न एवढाच, की जातं ते कोणाचं?

मला राग येतो तो इथे. लूकसाठी पहिला बळी जातो साडी गार्डचा, मग मागच्या मडगार्डचा, मग मागे धरायच्या कडीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ या गोष्टींसाठीच आहे: मागच्याला धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण. आपल्या मागे कोण बसतं? आई, बहीण, बायको. साडी, ओढणी. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल मडगार्ड नसलेलं चाक थेट त्यांच्या पाठीवर फेकतं. फोटो आपला, चिखल त्यांचा.

"गाडी माझी, मर्जी माझी" हे कायद्यातही बसत नाही. मूळ बनावटीत नियमाबाहेर फेरफार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी सुधारलेल्या कायद्यात अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण दंडाच्या भीतीने शहाणं व्हायचं असेल, तर पोलीस नसलेल्या रस्त्यावर आपण पुन्हा तसेच.

म्हणून माझा क्रम सरळ आहे. आधी पकड आणि वळण, मग आराम, शेवटी रूप. कंपनीच्याच मापाचा चांगला टायर घ्या. हवा चेन कव्हरवर किंवा पुस्तकात लिहिलीय तेवढीच भरा. कोनसेट आणि फोर्कचं ऑइल तपासा. शॉकअपला प्रीलोडची सोय असेल तर डबलसीट जाताना तो वाढवा. मग सीटवाल्याकडून फोम नीट करून घ्या, मागचाही. यातलं काहीच फोटोत दिसत नाही. गाडी मात्र पहिल्याच वळणावर वेगळी वाटते. उरलेल्या पैशात स्टिकर लावा, रिमला पट्ट्या मारा, माझी काही हरकत नाही.

आणि मॉडिफाय झालेली गाडी कडक झाली की नाही, हे कट्ट्यावरच्या दोस्ताला विचारू नका. आईला मागे बसवून स्टेशनपासून घरापर्यंत आणा आणि तिला विचारा.