गुणधर्माचं मराठी नाव

जावाच्या नेटबीन्समध्ये पडद्यावरचं लेबल निवडलं की शेजारच्या चौकटीत त्याचे गुणधर्म दिसतात. तिथे 'बॅकग्राउंड'ला पिवळा रंग दिला, तरी लेबल जसंच्या तसं! कारण खाली 'ओपेक' नावाची रिकामी खूण आहे. ओपेक म्हणजे अपारदर्शक, हे आमच्या गिरडच्या मराठी शाळेतल्या पोराला सातवीपासून ठाऊक असतं. अडतं ते फक्त नावापाशी. मग ते पोर समजतं, आपल्यालाच जावा जमत नाही.

ही चौकट भरते १९९७ साली आलेल्या जावाबीन्सच्या रिवाजाने. 'गेट' आणि 'सेट'ने सुरू होणाऱ्या मेथडची जोडी दिसली, की पुढचा शब्द गुणधर्म धरला जातो. पण दाखवायचं नाव वेगळं देता येतं, 'सेटडिस्प्लेनेम' वापरून. 'सेटशॉर्टडिस्क्रिप्शन'ने दोन ओळींचा खुलासाही जोडता येतो. आमच्या टेकडीवरच्या दगडांना भाविक सुपाऱ्या म्हणतात, भूगर्भवाले झिओलाइट. दगड तोच.

तेव्हा शिकवण्यासाठी स्वतःचा घटक बनवणाऱ्या मास्तरांनी हे मराठीत करावंच, असं माझं मत. 'मागचा रंग भरायचा का?' एवढं लिहिलं तरी पुष्कळ. नोकरीत इंग्रजीच लागेल म्हणाल, तर कोडमध्ये ती राहतेच की!

मेथडची नावं मात्र मराठीत नकोत. जावाला देवनागरी चालते. पण एकाने 'रुंदी' लिहिलं आणि दुसऱ्याने 'रूंदी', तर ते दोन गुणधर्म झाले. आपलं शुद्धलेखन आपल्याला माहीत आहे!