निरोगी शेळीच्या अंगावरचा गोचीड

जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावच्या एका महिलेचा ताप आणि रक्तस्रावाने मृत्यू झाला. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिकाही दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत कारण सापडले : क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. भारतात या रोगाच्या उद्रेकाची ही पहिली नोंद. पुढे गुजरात आणि राजस्थानात रुग्ण आढळत राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने दक्षतेचा इशारा दिला. मात्र अनेक राज्यांतील गुरे, शेळ्या-मेंढ्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत. शेजारी रुग्ण सापडल्यावर पत्रक काढणे ही त्यामुळे उशिराचीच दक्षता ठरते.

या रोगाची खरी अडचण अशी की जनावर आजारी दिसतच नाही. 'हायलोमा' जातीचा गोचीड चावल्यावर विषाणू शेळी-मेंढीच्या रक्तात साधारण आठवडाभर राहतो. त्या काळात ती चरते, दूध देते, बाजारात विकलीही जाते. माणसाला मात्र अचानक ताप, अंगदुखी, उलट्या आणि पुढे हिरड्या-नाकातून रक्तस्राव होऊ शकतो. साथींमध्ये १० ते ४० टक्के रुग्ण दगावतात. सर्वमान्य लस अजून नाही. मटण खाणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका आहे तो कापणाऱ्याला, सोलणाऱ्याला आणि गोचीड वेचणाऱ्याला.

पावसाळा संपला की धनगरांचे कळप घाट उतरून कोकणाकडे निघतात. शेतात वाडा बसतो. बायका-मुले कोकरांसोबतच राहतात आणि हाताला लागलेला गोचीड नखाने किंवा दगडाने चिरडणे ही रोजचीच गोष्ट. गोचिडाच्या रक्तातूनही संसर्ग होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितले आहे का? गोचीड चिमट्याने काढावा, उघड्या हाताने चिरडू नये, एवढे सांगायला मोठी योजना लागत नाही.

कत्तलीपूर्वी दोन आठवडे जनावर गोचीडमुक्त ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण लोणंदसारख्या बाजारात सकाळी घेतलेला बोकड दुसऱ्या दिवशी खाटकाकडे पोहोचू शकतो. जत्रा असो वा बकरी ईद, मागणी वाढली की हे अंतर आणखी घटते. म्हणून फवारणी कळपातच, बाजाराच्या आधी व्हायला हवी. ती पशुसंवर्धन विभागाने मेंढपाळाच्या वाड्यावर जाऊन करायला हवी. चालत्या कळपाने दवाखाना शोधत यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. कापणाऱ्यांना हातमोजे मिळावेत, ही मागणीही जुनीच.

दुसरी बाजू आरोग्य विभागाची. ताप आणि घटलेल्या प्लेटलेट दिसल्या की ग्रामीण रुग्णालयात पहिला संशय डेंगीचा येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. तरीही घरी जनावरे आहेत का, गोचीड चावला होता का, गेल्या दोन आठवड्यांत जनावर कापले का, हे प्रश्न केसपेपरवर छापलेले असावेत. उत्तर होकारार्थी आले, तर रुग्णाला वेगळे ठेवून परिचारिकेला हातमोजे, मुखपट्टी आणि गाऊन त्याच क्षणी मिळायला हवेत. पुण्याहून अहवाल येईपर्यंत थांबू नये.