विश्लेषण : ‘इस्पिकचा एक्का’ सद्दाम अखेर सापडला कसा?

९ एप्रिल २००३ रोजी बगदाद पडले, पण सद्दाम हुसेन निसटला. त्याच्यावर अडीच कोटी डॉलरचे इनाम लागले. तरीही त्याला गाठायला अमेरिकी लष्कराला आठ महिने लागले.

पत्त्यांच्या कॅटचा उपयोग झाला का?

अमेरिकेने सैनिकांना पत्त्यांचा कॅट वाटला होता. प्रत्येक पानावर राजवटीतील एक ‘फरारी’. सद्दाम इस्पिकचा एक्का, तर मुलगे उदय आणि कुसय बदाम व किल्वरचे एक्के. चौकटचा एक्का, म्हणजे सद्दामचा खासगी सचिव, जूनमध्येच पकडला गेला. दोन्ही मुलगे २२ जुलैला मोसुलमध्ये मारले गेले. पाने एकेक पडत होती, सद्दामचा ठावठिकाणा मात्र कळत नव्हता. कारण सत्ता गेल्यावर मंत्री आणि सेनापती त्याच्या कामाचे उरलेच नव्हते.

मग माग कसा लागला?

तिक्रित भागातील अधिकाऱ्यांनी वेगळी यादी केली : अंगरक्षक, चालक, त्यांचे भाऊ-चुलते, सोयरिकी. यातील बहुतेक नावे पत्त्यांवर नव्हतीच. कोण कोणाचा नातेवाईक याचा भलामोठा तक्ता तयार झाला आणि धागे अल-मुस्लित या कुटुंबापाशी येऊ लागले. या कुटुंबातील मोहम्मद इब्राहिम डिसेंबरमध्ये बगदादेत हाती लागला. चौकशीत त्याने जागा सांगितली. माहिती कैद्याकडून मिळाल्याने इनाम कोणालाच द्यावे लागले नाही!

१३ डिसेंबरच्या रात्री काय घडले?

तिक्रितजवळच्या अद-दौर येथे सुमारे ६०० सैनिकांनी शेतवाडीला वेढा घातला. मोहिमेचे नाव ‘रेड डॉन’, हॉलिवूडच्या चित्रपटावरून घेतलेले. झोपडीलगत गालिचा आणि मातीखाली थर्माकोलचे झाकण होते. त्याखालच्या जेमतेम माणूस मावेल अशा खड्ड्यात सद्दाम होता. जवळ पिस्तूल होते, पण त्याने गोळी झाडली नाही. साडेसात लाख डॉलरही सापडले.

बंडखोरी थांबली का?

नाही. त्या ठिकाणी फोन वा संपर्कयंत्रणा मिळालीच नव्हती. म्हणजे हल्ल्यांची सूत्रे तिथून हलत असतील, ही शक्यता फारच कमी होती. तरीही सद्दाम पकडला की इराक शांत होईल, या आशेवर वॉशिंग्टन विसंबले. २००३ मध्ये इराकमध्ये पाचशेहून कमी अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले होते. सद्दाम कोठडीत असतानाच्या २००४ मध्ये ही संख्या आठशेच्या पुढे गेली.