दुर्बीण आपल्या अंगणात, मग आकाश परकं का?

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की जुन्नर-आंबेगावात खोडदच्या दुर्बिणीचं नाव निघतंच. आधीच्या आराखड्यात गाडी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी जाणार होती. त्यामुळे जीएमआरटीच्या कामात अडथळा येईल, असं सांगत रेल्वे मंत्रालयाने शिर्डी-अहिल्यानगरकडच्या मार्गाची बाजू घेतली. इथले लोक मात्र मूळ मार्गच मागतात. टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलांना रेल्वे हवी, यात गैर काहीच नाही.

कोणता मार्ग योग्य, हा आजचा आमचा मुद्दा नाही. ज्या दुर्बिणीसाठी रेल्वे सोडा म्हणतात, ती नेमकं काय करते, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? आमचा प्रश्न हा आहे.

शाळेची सहल खोडदला नेली की मुलं हमखास विचारतात, "डोळा लावायचा कुठे?" डोळा लावायची जागाच नाही, कारण ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्यातल्या १४ खोडदजवळ एकत्र, उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दिवस असो, ढग असोत, काम चालू राहतं. पण या लहरी इतक्या क्षीण असतात की मोबाईल टॉवर किंवा विजेच्या ठिणग्यांच्या गोंगाटात त्या बुडून जातात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, त्यात इथली शांतता हे मोठं कारण होतं. डोळ्याने दिसणाऱ्या प्रकाशाची दुर्बीण हवी, तर तीही जवळच आहे. आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे.

म्हणजे देशभर खगोलशास्त्राचं वर्ष साजरं करायचं ठरलं, तर सुरुवात इथूनच व्हायला हवी. असं वर्ष यापूर्वी झालेलं आहे. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली त्याला ४०० वर्षं झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष जाहीर केलं. त्याच वर्षी २२ जुलैला सुरतपासून पाटण्यापर्यंतच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण होतं, पण अनेक ठिकाणी पावसाळी ढगांनी सूर्य दिसूच दिला नाही. सगळी भिस्त एका दिवसावर ठेवली की असं होतं. नियोजन वर्षभराचं हवं, आणि ते गावाचं कॅलेंडर बघून हवं.

आपल्या समाजापुरतं बोलायचं तर तीन गोष्टी आहेत.

पहिली वेळ. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं, दूरदूरच्या शाळा येतात. २०२७ मध्ये हा दिवस रमजानमध्ये येतो. रोजा ठेवून मुलं दिवसभर उन्हात फिरणार कशी? उर्दू शाळांसाठी डिसेंबर-जानेवारीत वेगळा दिवस मागता येईल. तेव्हा आकाशही स्वच्छ असतं.

दुसरी भाषा. उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी फलक अर्धवट कळतो, इंग्रजी तर त्याहून कमी. पण तारे दोन्ही भाषांत आधीच आहेत. मराठीतली रोहिणी म्हणजे अरबीतला अल-दबरान, कृत्तिकांच्या मागून येणारा. श्रवण म्हणजे अल-ताइर, उडणारा. युरोपने हीच अरबी नावं उचलली. एवढं सांगितलं तरी मुलाला आकाश आपलं वाटू लागतं.

तिसरी मुली. आकाशदर्शन रात्रीचं, त्यामुळे मुली घरी राहतात. यावर उपाय अवघड नाही. कार्यक्रम मोहल्ल्यातच, शाळेच्या किंवा मदरशाच्या गच्चीवर ठेवा आणि अम्मी-अब्बूंनाही बोलवा.

निमित्त तर आपल्याकडे दर महिन्याला असतं. २९ तारखेला मगरिबनंतर आपण गच्चीवर चांद शोधतोच. अमावस्येचा क्षण गणिताने मिनिटापर्यंत सांगता येतो. मात्र चांद दिसणं हे त्याचं वय, क्षितिजापासूनची उंची आणि हवेतला धूर-धूळ यांवर ठरतं. हे मुलांना समजावल्याने चांदच्या फैसल्यात ढवळाढवळ होत नाही. फैसला उलेमांचा, समज आपली.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. मक्केत ते खग्रास असेल, पाच मिनिटांहून जास्त. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास, तेही ऐन पावसाळ्यात. वार सोमवार, म्हणजे मुलं शाळेत असतील. ग्रहण कोणाच्या मृत्यूमुळे किंवा जन्मामुळे होत नाही, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. तरीही त्या दिवशी गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत बसवणारी घरं आपल्यातही आहेत. नमाज-ए-कुसूफ पढा आणि मुलांना ग्रहणाच्या खास चष्म्यातून सूर्यही दाखवा. साध्या गॉगलमधून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून मात्र अजिबात नको.

सरकार वर्ष जाहीर करेल तेव्हा करेल. शाळा समित्यांनी आणि मशिदीच्या ट्रस्टींनी खोडदला आत्ताच एक अर्ज पाठवावा: आमच्या मुलांसाठी एक दिवस द्या. ज्या दुर्बिणीसाठी या तालुक्यांना रेल्वेवर पाणी सोडायला सांगितलं जातंय, तिच्याकडे एवढं मागण्याचा आपला हक्क आहे.